पूर्वेला तोंड केलेले यंत्र

२६ जून १९७४, बुधवार. दिवसभर ढग, वारा नाही. दूध उशिरा आले. मनगटाचे प्लास्टर निघाले, पण त्या हाताने अजून पेला धरवत नाही. मागच्या खोलीतल्या अंजनाला मिरजेहून परत आणले. डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितले आहे. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. दुपारी आकाराम माळ्यावरची जुनी बाबागाडी मागायला आला. कशाला, ते बोलला नाही. नेली.

आकाराम आमचा भाडेकरू. आमचे हे गेल्यावर विश्रामबागेतले एवढे घर मला एकटीला खायला उठे, म्हणून अंगणापलीकडच्या दोन खोल्या मी भाड्याने दिल्या. रहिमतपूरजवळच्या एका गावचा हा माणूस. फौजेत गाड्या दुरुस्त करण्याच्या कामावर होता, पेन्शन घेऊन आला आणि साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला. उंच, वाळका, फार कमी बोलणारा. शर्टाची घडी अशी घालायचा की इस्त्रीवाल्याला लाज वाटावी. बिघडलेले इंजिन समोर आले की स्क्रू-ड्रायव्हरचे टोक त्याला टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. माझे शिवणयंत्रही त्याने असेच ऐकून दुरुस्त केले होते.

त्याची दोन मुले जन्माआधीच गेली होती. दोन्ही वेळा तो सरहद्दीवर होता आणि दोन्ही वेळा बातमी टपालाने गेली. हे मला अंजनाने सांगितले. त्याने कधीच नाही. आता तिसऱ्या खेपेला तो घरी होता, आणि मला वाटते त्याची भीती त्यामुळेच वाढली होती. दूर असताना निदान हातात काम असे.

बाबागाडी दुसऱ्याच दिवशी परत आली. अंजनाने ती पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून रडत बसली. मूल हातात येण्याआधी त्याची कुठलीही वस्तू घरात आणायची नाही, हे त्यांच्याकडे कडक. टोपडेसुद्धा शिवत नाहीत, आणि हा तर गाडी घेऊन आला.

"मला चाकं पायजे हुती नुसती," आकाराम माझ्या ओट्यावर उभा राहून म्हणाला. "माझ्या ध्यानात न्हाई आलं, माई. काय हुतंय का त्यानं?"

"काही होत नाही," मी म्हणाले. पण माझी मुलगी पोटात होती तेव्हा माझ्या आईनेही पाळणा शेजाऱ्यांकडे ठेवला होता. पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी मला पुष्कळ शिकवले. हे मात्र त्यांना पुसता आले नाही. रात्री देवापाशी दिवा लावताना मी त्या चाकांबद्दल क्षमा मागितली.

त्याला चाके कशाला हवी होती ते मग कळले. आमच्याकडे नळाला पाणी दुपारी यायचे. आकाराम तेव्हा कारखान्यात. माझे मनगट निकामी. पाणी भरून देणारी सुलाबाई भावाकडे कराडला गेलेली. एका दुपारी मी खिडकीतून पाहिले, तर अंजना कमरेवर घागर घेऊन नळाकडून येत होती. मी ओरडले नाही, ती दचकेल म्हणून. नुसती खिडकीचे गज धरून उभी राहिले. घागर तिने खाली ठेवली तेव्हा माझे हात गजाला घट्ट चिकटल्यासारखे झाले होते.

"भांडी पडल्याती, माई. बगवत न्हाई," ती म्हणाली.

हे मी आकारामला सांगितले. पाण्यासाठी काहीतरी करायचे हे त्याच्या डोक्यात अंजनाला आणल्या दिवसापासून होतेच. त्या संध्याकाळी त्याने कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून माझ्या ओट्यावर पसरली, कोपऱ्यांवर माझाच वरवंटा नि वाट्या ठेवल्या आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसला.

"रंगरूट काढतोय," म्हणाला.

रंगरूट म्हणजे फौजेत नवा भरती झालेला शिपाई. पाणी आणणारा यंत्राचा माणूस तो करणार होता. अंजनाने पलंगावर पडून बटण दाबायचे, रंगरूट खोलीतून निघायचा, अंगण ओलांडून नळाखाली घागर धरायचा आणि भरून परत यायचा. मला आधी वाटले, याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मी चित्र पाहिले. प्रत्येक खिळ्याची जागा त्यात होती.

पावसाळाभर हे चालले. आधी त्याने पुठ्ठ्याच्या खोक्याला दोऱ्याची रिळे लावून एक लहान नमुना केला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर चालवून पाहिला. तो दर वेळी डावीकडे वळून खाली पडे. त्यावर उपाय म्हणून त्याने खोलीपासून नळापर्यंत सुतळी ताणली; रंगरूटाच्या पोटाखाली दोन बोटांसारखा लोखंडी चिमटा असणार, सुतळी त्या चिमट्यातून जाणार, म्हणजे रस्ता सुटणार नाही. चाके भंगारातल्या ढकलगाडीची आणली. ट्रकच्या काचेवरचा वायपर फिरवणारी मोटर आणली. ती हळू फिरते पण जोर फार, असे तो म्हणाला. बॅटरी जुन्या ट्रॅक्टरची. आणि एका मोडलेल्या वायरलेस सेटमधला रिले, म्हणजे बटणातली बारीकशी वीज मिळाली की मोटरची मोठी वीज आपोआप जोडणारी टिचभर खटकी. ती इतकी हलकी होती की फुंकर मारली तरी थरथरे.

मी एवढेच विचारले, "हे थांबणार कसे?"

"बटन सोडलं की थांबतंय की."

"आणि नाही थांबले तर?"

तो हसला. पण मी सोडले नाही. मला यंत्राची भीती वाटते. पंखासुद्धा मी लांबून काठीने लावते. शेवटी त्याने रंगरूटाच्या पाठीवर बॅटरीची काळी वायर एका चिमट्यात बसवली, तिला लाल दोरी बांधली आणि दोरीचे दुसरे टोक अंजनाच्या पलंगाच्या खुराला. दोरी ओढली की वायर निघणार आणि यंत्र मरणार.

"आता झोपा गार," तो म्हणाला.

अंजनाला त्याचे डोके नको होते. "पानी आनायला डोस्कं कशाला लागतंय?" ती विचारायची.

"डोस्कं नसल तर मानूस कसा म्हनायचा त्येला?"

"मग तुमाला तरी कुटं हाय?"

पण त्याने ॲल्युमिनियमचे पातेले उपडे घातले आणि सायकलच्या मागे लावायची दोन लाल भिंगे डोळ्यांच्या जागी बसवली. उजेड पडला की ती पेटल्यासारखी दिसत. पुढे दोन लोखंडी हात, त्यांवर घागर. संध्याकाळी दिवे लागले की अंजना त्याचे तोंड भिंतीकडे करायला लावी. मला ती हळूच म्हणाली, "माई, त्यो माज्या पोटाकडं बगतोय असं वाटतंय. ह्यांना सांगू नगा. ह्ये हातानं काय करत असलं की तेवडंच नीट जेवत्यात."

म्हणून तिने ते सहन केले. दिवसेंदिवस ती आडवी पडून त्याचे काम पाहत राहिली. तो पाना मागायचा, ती पलंगाखालच्या पेटीतून काढून द्यायची.

गणपती झाल्यावर अंजनाची आई बनुबाई गावाहून आली. खणखणीत बाई, शेतावर नांगर धरलेली. ती आल्यापासून पाण्याचा प्रश्न उरला नाही. मी आकारामला म्हणाले, "आता हे कशाला? बनुबाई आहेत."

तो तार सोलत होता. वर न बघता म्हणाला, "हात मोकळं ऱ्हायलं की नगं ते डोस्क्यात येतंय, माई."

बनुबाईचे रंगरूटाशी बरे जमले. त्याने पहिल्यांदा घागर भरून आणली तेव्हा तिने त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळली. "जावायबापूंनी बिनपगाराचा गडी ठिवलाय," ती शेजारणींना सांगे. "खात न्हाई, पीत न्हाई, उलटं बोलत न्हाई."

खंडेनवमीला आकाराम सकाळीच कारखान्यात गेला. त्या दिवशी तिथे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा असते. कुठलेही यंत्र चालवत नाहीत. मी माझ्या शिवणयंत्राला हळदकुंकू लावले, विळी-अडकित्त्याला लावले आणि नैवेद्याची वाटी घेऊन मागे अंजनाकडे गेले.

खोलीत झेंडूचा वास होता. बनुबाई पाटावर बसली होती आणि समोर रंगरूट. त्याला तिने सुतळीवरून उचलून खोलीच्या मधोमध आणले होते, कारण पूजेला यंत्राचे तोंड पूर्वेला हवे. पूर्वेला पलंग होता. पलंगावर अंजना, सातव्या महिन्यातली. हातांवर घागर होती, आणि पूजेत रिकामे भांडे ठेवायचे नसते म्हणून ती काठोकाठ भरलेली. कपाळी मळवट, गळ्यात झेंडूची भरघोस माळ. माळ कशात ओवली आहे हे मी पाहिले नाही. लाल होती एवढे दिसले.

"या, माई. बगा, नवरदेव केलाय," बनुबाई म्हणाली. तिने नारळ घेतला, रंगरूटाच्या लोखंडी बैठकीवर आपटला आणि पाणी भक्तिभावाने त्याच्या पाठीवर ओतले.

आत कुठेतरी टिक असा आवाज झाला. मग मोटरची घरघर सुरू झाली आणि रंगरूट चालू लागला.

तो हळूच चालत होता. मला अजून आठवते ती त्याची सावकाशी. घागरीतले पाणी हिंदकळून शहाबादी फरशीवर सांडत होते आणि ती लाल भिंगे थेट अंजनाकडे. ती घागर तिच्या पोटाच्या उंचीवर होती.

"आये, धर त्येला," अंजना म्हणाली. ओरडली नाही.

बनुबाईने त्याचे दोन्ही हात बैलाची शिंगे धरावी तसे धरले आणि मागे रेटा दिला. "हो, हो, हो," ती बैलाला म्हणतात तसे म्हणत होती. क्षणभर तो थांबला. मग तिचे पाय ओल्या फरशीवरून घसरायला लागले. तिच्यासकट तो पुढे येत राहिला. अंजनाने एक कोपर टेकले, एक पाय खाली सोडायला लागली. तिच्या खाली ओली फरशी.

"उठू नको," मी म्हणाले. "अंजना, उठू नको. पडशील."

मी खुराकडे धावले आणि दोरी शोधली. खुराला दोरी नव्हती. ती झेंडूच्या माळेत होती. बनुबाईला ओवायला दोरा सापडला नव्हता आणि ही छान लाल दोरी पलंगाला रिकामीच लोंबत होती, म्हणून तिने ती दोन्ही टोकांनी सोडून घेतली होती. मी तिथे गुडघ्यावर बसून राहिले. शाळेत भीतीच्या वेळी म्हणायची एक प्रार्थना आम्हाला शिकवली होती, तिचा पहिला शब्दसुद्धा आठवेना.

"माई." अंजना परत उशीवर पडली होती. दोन्ही हात पोटावर, डोळे घट्ट मिटलेले. "त्येच्या पाठीवर काळी वायर हाय. डावीकडं. दोरी तिलाच बांदलेली हुती. चिमट्यातनं वडून काडा."

"मला शॉक बसेल, अंजना."

"न्हाई बसत. बॅटरीचा बसत न्हाई. ह्ये रोज उगड्या हातानं काडत्यात. वडा, माई."

दुखरा हात कामाचा नव्हता. मी डावा हात त्या ओल्या, चिकट, कुंकवाने माखलेल्या पाठीवर घातला. आत काहीतरी गरम थरथरत होते. माझी बोटे वायरवर होती आणि मी खरोखर समजत होते की आता मी मरणार. मी डोळे मिटून ओढले.

घरघर थांबली. घागर पलंगाच्या लाकडाला टेकली होती. थोडे पाणी चादरीवर सांडले, अंजनाच्या कुशीशी.

बनुबाई त्याचे हात सोडेना. मी तिची बोटे एकेक करून सोडवली. मग ती खाली बसली आणि आपल्या थोबाडीत मारून घ्यायला लागली. "मीच केलं. मीच पूजा केली की गं," एवढेच म्हणत होती.

"आये, गप," अंजना म्हणाली. "माझं पोट कडक आलंय."

त्यानंतरचे दोन-तीन तास मला लिहून दाखवता येणार नाहीत. शेजारच्यांनी डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला. मी अंजनाच्या पायांना घोंगडी गुंडाळली आणि तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती. पोट कडक व्हायचे, सैल व्हायचे. ते सैल झाले की आम्ही तिघी श्वास सोडत होतो. आत हालचाल आहे का, हे विचारायचे धाडस ना मला झाले ना तिच्या आईला.

आकाराम डॉक्टरीणबाईंच्या आधी आला. कपाळाला कारखान्याच्या पूजेचा गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. दारातून त्याने खोली पाहिली: पाणी, फुटका नारळ, पूर्वेला तोंड केलेला रंगरूट. तो वाकला, पाठीवर पाहिले, एका बोटाने नारळाचे पाणी पुसले. नंतर त्याने मला समजावले की बटणाच्या दोन तारा जिथे स्क्रूला जोडल्या होत्या, तिथे ते पाणी साचले आणि बटण दाबल्यासारखे झाले; जाड रिले असता तर हलला नसता, तो नाजूक होता म्हणून हलला. पण तेव्हा तो नुसता उठला. उंबऱ्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. पेढ्यांचा पुडा तसाच हातात.

"जावायबापू, माझी चूक," बनुबाई म्हणाली.

"तुमची कशाची, आत्याबाई. पूजा करायचीच असती," तो म्हणाला. "मी म्हनत हुतो, ह्या येळंला मी हाय घरात. आन् मीच आनून उबा केला."

"आवं," अंजना पलंगावरून म्हणाली, "हिकडं तोंड करून बसा. पाठ काय बगायची तुमची."

तो वळला नाही.

डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. बारीक, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला बाजूला केले, पोट दाबून पाहिले आणि पिशवीतून एक आखूड लाकडी नळी काढली, कर्ण्यासारखी. तिचे रुंद तोंड पोटावर ठेवले, दुसऱ्या टोकाला कान. खोलीत कोणी हलले नाही. त्यांनी नळीची जागा बदलली. पुन्हा बदलली. बनुबाईने माझा दुखरा हात धरला होता आणि मला ते कळत होते, पण दुखत नव्हते.

"आहे," बाई म्हणाल्या. "नीट आहे."

आकाराम उठून उभा राहिला होता. कधी उठला कोण जाणे. तो त्या नळीकडे बघत होता.

"ऐकायचंय?" बाईंनी विचारले.

तो गुडघ्यावर बसला. नळीला त्याने हात लावला नाही, नुसता कान टेकला आणि डोळे मिटले, इंजिन ऐकताना मिटायचा तसेच. फार वेळ तो तसाच राहिला. बाई घड्याळ बघायला लागल्या.

"लय फास्ट चाललंय," तो म्हणाला.

"तसंच असतं या वयात."

"मधी सुटत न्हाई न्हवं?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही ऐकताय."

त्याने आणखी ऐकले. "न्हाई सुटत," तो म्हणाला आणि मग त्याने नळीवरून कान काढला आणि अंजनाच्या चादरीच्या कोरड्या बाजूला तोंड टेकले. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "गुलाल लागला की चादरीला," ती म्हणाली.

मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. रंगरूटाचे डोके, बॅटरी आणि मोटर त्याने खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी काढली होती. उरलेल्या गाड्यावरून बनुबाई निघेपर्यंत हाताने ढकलून पाणी आणायची. पातेले मला दिले. ते मी अजून वापरते. यंत्राचा माणूस त्याने पुन्हा कधी काढला नाही. मुलगी चालायला लागेपर्यंत मात्र तो दर रविवारी तिच्या छातीला कान लावून बसे, आणि अंजना म्हणे, सोडा आता तिला, ती ट्रक हाय व्हय.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई गेल्यावर मी माझ्या खोलीत आले. हात धुतले तरी बोटांचे कुंकू गेले नाही. दिवा लावला, रोजची वही काढली. एवढ्या गोष्टीतले काय लिहावे ते सुचेना, म्हणून तारखेखाली एवढेच लिहिले:

पूजेचा नारळ गोड निघाला. अर्धी वाटी बनुबाईंना दिली, अर्धीची चटणी वाटून ठेवली.